ताण दिलेलं मैदान

नागपूरला पगारी फुटबॉल टीम यायची होती आणि ती माझ्यामुळे आली नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण इतवारीतल्या एका पानठेल्यावर ही गोष्ट गेली कित्येक वर्षं माझ्या पाठीमागे सांगितली जाते आणि सांगणाऱ्याला तपशील नीट माहीत नाहीत. तो म्हणतो, सेक्रेटरीनं मैदान नांगरलं होतं. मी नांगरलं नव्हतं. नांगरलं असतं तर निदान गहू तरी आला असता.

पगारी टीम म्हणजे काय, ते सांगायला हवं. साठचं दशक संपत आलं होतं. फुटबॉल खेळून पोट भरतं असं तेव्हा उघडपणे कोणी म्हणत नसे. पण मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना कारकून, स्टोअरकीपर, टाइमकीपर म्हणून कामावर घेत. हे कारकून सकाळी मस्टरवर सही करत आणि तिथून थेट मैदानावर जात. मी स्वतः पाटबंधारे खात्यात कारकून होतो. मस्टरवर सही करून आम्हीही कुठे कुठे जात असू, पण त्याबद्दल आमच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

अशाच एका कंपनीचा नवा कारखाना नागपूरजवळ कन्हानच्या बाजूला निघणार होता आणि दुसरा भोपाळजवळ. कंपनीची टीम ज्या शहरात होती तिथे तिला सरावाला जागा उरली नव्हती. म्हणून टीमचं बिऱ्हाड या दोनपैकी एका ठिकाणी हलवायचं ठरत होतं. आणि जिथे टीम जाईल, तिथल्या पाच-सहा खेळाडूंना कंपनी नोकरी देणार होती.

भोपाळचं नाव निघालं की त्या काळच्या नागपूरकराला काय वाटायचं, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा आमची राजधानी तिकडे गेली होती. सचिवालयाच्या फायली आणि कपाटं मालगाडीत चढताना पाहिलेली माणसं चौकाचौकांत बसलेली असत आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत असत. आता टीमही तिकडेच जायची म्हणजे फारच झालं.

आमच्या शहराला फुटबॉलचं वेड होतं, आणि ते उसनं नव्हतं. कामठीत छावणीच्या गोऱ्या शिपायांशी खेळून तयार झालेल्यांचे नातू खेळत होते. रेल्वेच्या चाळींमधून टीम निघत. पावसाळ्यातल्या टुर्नामेंटला लोक डोक्यावर घोंगडी घेऊन दीड-दीड तास उभे राहत. मुंबईचे लोक आम्हाला विचारायचे, तुमच्याकडे फुटबॉल खेळतात? आम्ही म्हणायचो, तुमच्याकडे बघतात?

आता हा 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. शाळेत मी फुलबॅक होतो. एकाच सामन्यात मी आपल्याच गोलात दोन गोल केले. दुसरा झाला तेव्हा मी पहिल्याची भरपाई करायला जिवाच्या आकांतानं धावत होतो. आमच्या ड्रिल मास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तू मैदानाच्या बाहेरून जास्त उपयोगी पडशील." पुढे ते निवृत्त होऊन शहराच्या फुटबॉल कमिटीचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांना हे वाक्य आठवलं असावं, कारण त्यांनी मला सेक्रेटरी केलं. त्यांच्या खिशात तेव्हाही शिट्टी असायची, आणि मीटिंगमध्ये मी लांबण लावली की ते खिशात हात घालायचे.

टीम येण्याची आशा सगळ्या शहराला होती. पण एका माणसाची गरज होती. त्याला सगळे 'लेफ्ट आऊट' म्हणूनच ओळखत, कारण डाव्या कडेनं तसं धावणारा दुसरा नव्हता. कामठीचा विणकर. घरात एकच हातमाग. वडिलांची नजर पार गेलेली. ते हातांनी चाचपत चरख्यावर सुताच्या कांड्या भरायचे आणि हा मागावर बसून लुगडी विणायचा. कलकत्त्याच्या क्लबाकडून त्याला दोनदा बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा तो गेला नाही. वडील कामठी सोडणार नाहीत आणि त्यांना टाकून आपण जाणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. लेफ्ट आऊटचं सव्विसावं वर्ष म्हणजे कारकुनाचं चोपन्नावं.

"सेक्रेटरी," एकदा सराव संपल्यावर तो मला म्हणाला, "टीम यहाँ आ गई तो अपना काम बन गया. सुबह दस्तखत, दिनभर खेल, शाम को घर. नहीं तो दो-तीन साल और, फिर खाली करघा."

मी त्याला म्हणालो, "येणार. तू काळजी करू नको." असं मी तेव्हा सगळ्यांनाच सांगायचो.

कंपनीनं दोन्ही शहरांकडून माहिती मागवली: मैदान, प्रेक्षक, खेळाडू. इंग्रजीत अर्ज लिहायचं काम माझं. प्रेक्षकांबद्दल खरं लिहिलं, खेळाडूंबद्दल खऱ्यापेक्षा कमीच लिहिलं. मैदानापाशी येऊन मात्र लेखणी सुटली. आमच्या खात्यात नद्यांना एक शब्द लावतात, बारमाही. तो मी गवताला लावला. 'आमच्या मैदानावर बारमाही हिरवळ असते.'

घरी बायकोला अर्ज वाचून दाखवला. ती म्हणाली, "घरची तुळस दोनदा वाळवली तुम्ही."

अध्यक्षांनीही वाचला. "बारमाही? एप्रिलमध्ये त्या मैदानावर कुत्रं पाय ठेवत नाही."

"सर, ते जानेवारीच्या शेवटी येणार आहेत. सामना खेळून, सगळं पाहून, मग भोपाळला."

"म्हणजे जानेवारीत हिरवं लागेल."

"होईल, सर."

डिसेंबरच्या सुरुवातीला मैदान पिवळं पडायला लागलं होतं. माळी रोज विहिरीवरची मोटर लावून पाणी देत होता, पण रंग काही बदलत नव्हता. अशात मी दोन दिवस गावी गेलो. आमचं गाव नरखेड तालुक्यात, घरची संत्र्याची बाग. वडिलांनी बाग ताणावर सोडली होती. ज्याच्या घरी संत्रा नाही त्याच्यासाठी सांगतो. हिवाळ्यात महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात. झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. मग एके दिवशी भरपूर पाणी सोडलं की घाबरलेलं झाड अंगभर फुलतं. लहानपणापासून दर वर्षी मी ते पाहत आलो होतो.

परतीच्या एसटीत, काटोलच्या अलीकडे कुठेतरी, मला वाटलं की हेच मैदानाला का करू नये. पाणी तोडायचं, सामन्याच्या आठ-दहा दिवस आधी एकदम सोडायचं, आणि कंपनीचे साहेब येतील त्या दिवशी मैदान हिरवंगार. इतका सोपा उपाय शहरातल्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचला नव्हता, याचा मला कळमेश्वरपर्यंत अभिमान वाटत राहिला.

माळी मौद्याकडचा, धानाच्या मुलखातला. त्याला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "उद्यापासून पाणी बंद."

"बंद? काहून जी, बाबूजी?"

"ताण द्यायचा आहे."

"आमच्याकडे बांधीतलं पाणी आटलं का माणूस धुऱ्यावर बसून रडते."

"तुमच्याकडे धान आहे. आमच्याकडे संत्रा. यात शास्त्र असतं."

"तुम्ही म्हणता तं बंद करतो. पण मले एक सांगा बाबूजी. याले फुलं येतीन काय?"

मी गोलपोस्टचा रंग तपासायला गेलो.

पंधरा दिवसांत मैदान पिवळ्याचं राखाडी झालं. महिन्याभरात भेगा पडल्या. आमची जमीन काळी. सुकली की फाटते, आणि फाटते म्हणजे कशीही फाटते. फ्री किक मारताना गोलकीपरच्या खिशातली घराची किल्ली एका भेगेत पडली, ती आजही तिथेच असणार. लेफ्ट आऊटनं एकदा वाकून भेगेत हात घातला आणि मनगटापर्यंत आत गेलेला हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"सेक्रेटरी, ये क्या चल रहा है?"

"विश्वास ठेव."

"तुम पे है. जमीन पे नहीं है."

अध्यक्षही एकदा येऊन गेले. मी त्यांना ताणाचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी शिट्टीला हात लावला नाही, याचा अर्थ मी पटलं असा घेतला. पुढे कळलं, त्यांना वाटलं होतं की मी खात्याच्या एखाद्या इंजिनिअरला विचारून हे करतोय. मी कोणालाच विचारलं नव्हतं. ज्याला विचारायला हवं होतं ते माणूस स्वतःच आलं.

सामन्याला नऊ दिवस उरले असताना वडील मोटरपंपाचं सामान घ्यायला नागपूरला आले. मी मोठ्या ऐटीत त्यांना सायकलवर डबलसीट बसवून मैदानावर नेलं. शहरात राहूनही पोरगा घरची विद्या विसरला नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. ते मैदानाच्या मध्यभागी जाऊन उकिडवे बसले आणि बोटांनी माती उकरू लागले.

"हे काय करून राहिला गा तू?"

"ताण देऊन राहिलो, बाबा." त्यांच्यापुढे माझी भाषा आपोआप गावची होते.

"कोणाले?"

"हरळीले."

वडिलांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "चाळीस वर्सं झाले, मी हिले वावरातून उपटून राहिलो. माझ्या बापानं उपटली. अन् तू इथं येऊन हिले पाणी देते, हिले ताण देते. याचे पैसे देते का कोणी तुले?"

"नाही. हे फुकट आहे."

"मंग तं कठीणच आहे."

मी घाबरून विचारलं, "मेली काय, बाबा?"

"हे मरत असती तं मी माडीचं घर बांधलं असतं." त्यांनी मातीतून वाळक्या दोऱ्यासारखी एक मुळी ओढून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "हे मरत नाही. पण हिची मर्जी होईन तवा येईन. संत्रा भेते, म्हणून फुलते. हे कोणालेच भेत नाही. किती दिवस राहिले?"

"नऊ."

"मंग आज पाणी सोड. अन् आता डोकं लावू नको."

मी त्याच दुपारी मोटर सुरू करवली. पहिले दोन दिवस पाणी गेलं कुठे ते समजलंच नाही. भेगा घटाघटा पीत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या मिटल्या. चौथ्या दिवशी मैदान लोण्यासारखं मऊ झालं. इथे थांबायला हवं होतं. पण मला हिरवा ठिपका कुठे दिसेना, म्हणून मी आणखी दोन दिवस पाणी चालू ठेवलं. वडिलांनी डोकं लावू नको म्हटलं होतं, तेवढंच मी विसरलो. माळी मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा खूश दिसला. घोट्याएवढ्या चिखलात उभा राहून तो म्हणाला, "आता जमलं, बाबूजी. धानाचे परे टाकाचे काय?"

मग मोटर बंद केली. जानेवारीतलं मवाळ ऊन, त्यात दोन दिवस आभाळ. वरून साय धरली, खाली लापशी. एका आरा मशीनवाल्यानं गाडाभर लाकडाचा भुसा पाठवला. तो टाकल्यावर चिखल आणखी चिकट झाला.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून लोक यायला लागले. कामठीची पॅसेंजर रिकामी झाली. कन्हानच्या खाणीतले लोक सायकलींवरून आले. भिंतीवर, कडुनिंबांवर, समोरच्या गच्च्यांवर माणसं होती. मैदान पाहून प्रत्येक जण क्षणभर थांबायचा आणि मग जागा धरायचा. परत कोणीही गेलं नाही. माझी हुर्योही उडवली नाही. फक्त एक म्हातारा माझ्याजवळून जाताना म्हणाला, "सेक्रेटरी, धानाची रोवणी कधी आहे गा?"

कंपनीची टीम बसमधून उतरली. पांढरे मोजे, पांढऱ्या चड्ड्या, नवे बूट. त्यांच्याबरोबर खेळ-अधिकारी, उंच, एका पायानं किंचित लंगडणारे. एके काळी स्वतः खेळलेले असावेत. त्यांच्या हातात एक कागद होता आणि तो मी लांबूनच ओळखला. टाइप मीच केला होता.

"सेक्रेटरी आप हैं?"

"जी."

"यह आपकी बारहमासी घास है?"

मी खरं तेच सांगितलं. "घास नीचे है, साहब."

त्यांनी आपल्या कॅप्टनला बोलावलं. कॅप्टननं बुटाचं टोक चिखलात घातलं, बाहेर काढलं, आणि मान हलवली. साहेब अध्यक्षांकडे वळून सभ्यपणे म्हणाले की सामना होणार नाही. खेळाडूंचे पाय हे त्यांच्या नोकरीचे पाय आहेत, कोणाचा घोटा मुरगळला तर त्यांना वर उत्तर द्यावं लागेल. ते संध्याकाळच्या गाडीनं भोपाळला निघतील. अध्यक्षांचा हात खिशात गेला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की त्यांनी ती शिट्टी खरंच वाजवावी आणि मला मैदानाबाहेर काढावं.

लेफ्ट आऊट माझ्या मागेच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो खाली बसला, बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि घोट्याला पट्टी गुंडाळायला लागला. मग बॉल काखेत घेऊन मैदानात गेला. बॉल जमिनीवर ठेवला असता तर तिथेच रुतला असता, म्हणून त्यानं तो पायाच्या बोटांवर झेलला. बोटांवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून परत बोटांवर, असं करत तो त्या चिखलातून समोरच्या रेषेपर्यंत गेला आणि वळून परत आला. बॉल एकदाही जमिनीला लागला नाही. आठ-दहा हजार माणसं असतील, पण त्याचे पाय चिखलातून निघतानाचा पचपच आवाज मला ऐकू येत होता.

तो साहेबांसमोर येऊन थांबला. "साहब, बरसात के चार महीने हम लोग इसी में खेलते हैं. आपकी टीम यहाँ रहेगी तो क्या चार महीने कैरम खेलेगी?"

जवळच्या लोकांनी ते ऐकलं, मागच्यांना सांगितलं, आणि हसू भिंतीपर्यंत पसरत गेलं. साहेबही हसले. त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं, कॅप्टननं आभाळाकडे पाहिलं. अर्ध्या-अर्ध्या तासाचा सामना ठरला.

पुढचं सांगताना माझा आवाज अजूनही थोडा चढतो, तेव्हा सांभाळून घ्या. आमचे अकराच्या अकरा अनवाणी उतरले. त्यांच्या नव्या बुटांना पाच मिनिटांत एवढी माती चिकटली की ते पाय उचलत नव्हते, उपटत होते. खेळाडू मात्र खरे. त्या अवस्थेतही त्यांनी पहिल्या अर्ध्यात दोन असे फटके मारले की आमच्या गोलकीपरला दुसऱ्या दिवशी हात वर करता येईना. पण आमच्या लोकांना हा चिखल आयुष्यभराच्या ओळखीचा होता. कुठे घसरायचं आणि कुठे नाही, पास जमिनीवरून द्यायचा नाही, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मैदान खराब केलं मी, आणि तेच मैदान ते वापरत होते, जणू कमिटीनं ठराव करून तसं तयार करवलं होतं.

दुसऱ्या अर्ध्यात लेफ्ट आऊटला कडेला बॉल मिळाला. त्यांचा फुलबॅक, चांगला धिप्पाड माणूस, पूर्ण जोरात अंगावर आला. यानं फक्त बॉल एका डबक्यात ठेवला आणि पाय काढून घेतला. बॉल तिथेच रुतून बसला. फुलबॅक मात्र तसाच घसरत रेषेच्या बाहेर प्रेक्षकांत जाऊन पोचला. लोकांनी त्याला हात देऊन उभं केलं, पाठ झटकली. तोवर लेफ्ट आऊटनं डाव्या पायाच्या बोटांनी तो बॉल डबक्यातून उचलला, दोन पावलं गेला, आणि धावत पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून सोडून दिला. मारला नाही, सोडला.

त्या दिवशी हवेत उडालेल्या टोप्यांपैकी निम्म्या चिखलात पडल्या आणि न्यायला कोणी आलं नाही. माळ्यानं त्या धुऊन पुढचे दोन उन्हाळे वापरल्या.

एक-शून्य. सामना संपल्यावर त्यांच्या कॅप्टननं लेफ्ट आऊटचा हात हातात धरला तो सोडेचना. त्या फुलबॅकनं वाकून याचे तळवे पाहिले. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. आम्ही प्रत्येक पाहुण्याला संत्र्यांची एकेक करंडी दिली. बस निघाली तेव्हा लोक चौकापर्यंत तिच्या दोन्ही बाजूंनी चालत गेले. हरलेल्या टीमला असं पोचवायला गेलेलं दुसरं शहर मी पाहिलेलं नाही. मला त्या गर्दीत कोणीतरी पाठीत चांगली थाप मारली. ती शाबासकीची होती की दुसरी, याचा मी अजून शोध घेतलेला नाही.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. मी ते ऑफिसात वाचलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सायकलनं कामठीला गेलो. लेफ्ट आऊट मागावर होता. बाजूला त्याचे वडील चरख्यावर बसले होते.

"पढ़ो," तो मागाचा धोटा हातात धरून म्हणाला.

पत्रात तीन गोष्टी होत्या. असे प्रेक्षक साहेबांनी तीस वर्षांत पाहिले नव्हते. लेफ्ट आऊटला कंपनी टाइमकीपरची जागा देत होती. आणि टीम भोपाळला जात होती, म्हणून जागाही भोपाळलाच. का, तेही लिहिलं होतं: मैदानाच्या अवस्थेमुळे. ही ओळ मला गाळता आली असती. इंग्रजी त्या घरात मलाच येत होतं. ओठावर आलेली ओळ मी एकदा गिळली, आणि मग वाचून टाकली.

चरखा थांबला. वडील म्हणाले, "जा, बेटा."

लेफ्ट आऊटनं मला विचारलं, "अब मैदान कैसा है?"

"हिरवं झालंय," मी म्हणालो. हे सांगताना मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

"चलो, देखें."

आम्ही सायकलींवर नागपूरला आलो. सामन्यानंतर आठव्या दिवसापासून हरळीनं डोकं वर काढलं होतं, आणि आता या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मैदान असं हिरवं होतं की रस्त्यानं जाणारे थांबून पाहत. हजारो पायांनी तुडवलेल्या खुणासुद्धा तिनं झाकून टाकल्या होत्या. माळी आम्हाला पाहून लगबगीनं आला.

"पाहा बाबूजी. फुलं तेवढे नाही आले."

लेफ्ट आऊटनं चपला काढल्या आणि गवतावर बसला. तळहात गवतावरून फिरवत म्हणाला, "लिख दो उनको. मैं नहीं आऊँगा. जब आपकी टीम नागपुर आएगी, मैं सामने मिलूँगा."

"अरे, जा," मी म्हणालो. "वडिलांचं आम्ही सगळे पाहू. माझ्या चुकीपायी तू..."

"सेक्रेटरी, कलकत्ते को दो बार ना बोला, तब भी क्या तुमने पानी बंद किया था?"

तो हसला आणि बाजूला पडलेला बॉल आणायला उठला.

मी कंपनीला पत्र लिहिलं. त्यानं सांगितलेली दोन वाक्यं, तशीच. माझ्या हातून गेलेलं एकही विशेषण नसलेलं ते एकमेव इंग्रजी पत्र असेल. अध्यक्षांनी वाचून सही केली आणि म्हणाले, "असं लिहिता येत होतं तर."

कंपनीची टीम पुढच्या पावसाळ्यात आमच्या टुर्नामेंटला आली, आणि त्यानंतर जवळजवळ दर वर्षी. पहिल्या वर्षी बसमधून उतरताना त्यांच्या सगळ्यांच्या घोट्यांना पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि बूट हातात होते. सगळ्या मैदानानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. कधी ते जिंकले, कधी आम्ही. आमच्या कामठीची आणि रेल्वे चाळींची कितीतरी पोरं नंतर देशभरच्या पगारी टीमांत गेली. त्यांना डाव्या पायानं बॉल चिखलातून कसा उचलायचा ते कोणी शिकवलं, हे ती पोरंच सांगतील. लेफ्ट आऊट स्वतः आणखी आठ पावसाळे खेळला, सकाळी मागावर आणि दुपारी डाव्या कडेला. मैदानाच्या पाण्याचा निर्णय त्या वर्षापासून माळ्याकडे आहे. तसा ठरावच झाला. तो मीच लिहिला.

लेफ्ट आऊटनं खेळणं सोडलं त्या वर्षी एका रविवारी सकाळी तो माझ्या घरी आला. काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. बायकोला म्हणाला, भाभी, हे तुमच्यासाठी विणलंय. तिनं कागद उलगडला. हिरवं. मी हा हिरवा कुठे पाहिलाय ते आठवायला मला जास्त वेळ लागला नाही. ज्या मागावरून तो माझ्यामुळे उठू शकला नव्हता, त्याच मागावरचं ते होतं.

बायकोनं पदर खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. "रंग नाही ना जाणार?"

"नहीं, भाभी. बारहमासी है," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.